मेडेला हार्मनी हातपंप: डोंगरी अल्ट्रा धावणाऱ्या, अंगावर पाजणाऱ्या आईच्या कामाचा आहे का?

बाळ अजून अंगावर पितंय आणि ५० किलोमीटरच्या पुढची डोंगरी शर्यत धावायची आहे, तर सामानाच्या यादीत ब्रेस्ट पंप हवाच. कुठला, याचं आमचं उत्तर आहे मेडेला कंपनीचा हार्मनी, हाताने दाबायचा साधा पंप. तो सगळ्यात हलका नाही आणि सगळ्यात जलदही नाही. पण त्याला बॅटरी लागत नाही, मोटरची घरघर नाही, एका हाताने चालतो, आणि बिघडला तर नेमकं काय बिघडलं हे हेडलॅम्पच्या उजेडातही समजतं. मध्यरात्री, पावसात, पुढच्या कटऑफकडे (थांबा गाठायच्या शेवटच्या वेळेकडे) डोळे लावून बसलेलं असताना याच गोष्टी उपयोगी पडतात.

घरी बसून फ्रीजमध्ये दूध साठवायचं असेल तर विजेवर चालणारा, दोन्ही बाजूंनी एकदम काढणारा पंप घ्या, वेळ वाचेल. डोंगरातलं गणित वेगळं आहे. तीन महिन्यांचं बाळ दर अडीच-तीन तासांनी पितं आणि आईच्या शरीराला तीच सवय लागलेली असते. ती धावायला गेली म्हणून दूध बनायचं थांबत नाही. सहा-सात तास काहीच काढलं नाही तर छाती दगडासारखी होते, व्हेस्टचा (धावताना सामान वाहायच्या बंडीसारख्या पिशवीचा) पट्टा नुसता टेकला तरी कळ येते, हात मोकळे हलत नाहीत आणि धावण्याची लय बिघडते. उतारावर तर प्रत्येक पावलागणिक ते ओझं आदळतं. तिथून पुढे गाठ, मग लाल गरम चट्टा, मग थंडी वाजून ताप. शिवाय दूध बराच वेळ तुंबून राहिलं की शरीर ते कमी बनवायला लागतं, आणि शर्यतीनंतरच्या आठवड्यात घरी त्याचा त्रास होतो.

म्हणून शर्यतीत पंपाकडून बाटली भरून मिळण्याची अपेक्षा ठेवू नये. छाती मऊ पडेपर्यंत दूध काढून टाकणं, एवढंच त्याचं काम. हा निकष एकदा पक्का केला की हार्मनीचे गुणदोष नीट दिसतात.

लांब पल्ल्याच्या डोंगरी धावण्यात ही गरज आता नवी राहिलेली नाही. २०१८ च्या यूटीएमबीत, म्हणजे आल्प्समधल्या मॉं ब्लाँ पर्वताभोवतीच्या सुमारे १७० किलोमीटरच्या शर्यतीत, ब्रिटनच्या सोफी पॉवरचा इटलीतल्या कूरमायरच्या थांब्यावरचा फोटो जगभर फिरला: एका बाजूला तीन महिन्यांचं बाळ पितंय, दुसऱ्या बाजूला पंप लावलेला. त्या फोटोमागचा कमी बोलला गेलेला तपशील असा, की कूरमायर गाठायला तिला १६ तास लागले होते, घरी बाळ दर तीन तासांनी पीत होतं, आणि मधल्या वाटेत ती जमेल तिथे हातानेच दूध काढत होती. जानेवारी २०१९ मध्ये जॅस्मिन पॅरिसने ब्रिटनमधली सुमारे ४३० किलोमीटरची स्पाइन रेस ८३ तास १२ मिनिटांत, पुरुषांसकट सगळ्यांना मागे टाकून जिंकली. तीही चेकपॉइंटवर थांबून १४ महिन्यांच्या मुलीसाठी दूध काढत होती. दोघींची गरज मात्र सारखी नव्हती. वरचं खायला लागलेल्या वर्षभराच्या मुलाच्या आईला आठ-आठ तास काही वाटत नाही, आणि तीन-चार महिन्यांच्या बाळाच्या आईला चौथा तास कठीण जातो. पंप किती वेळा लागणार हे शर्यतीच्या अंतरावरून नाही, बाळाच्या वयावरून ठरतं.

बनावट

भाग मोजके आहेत. छातीला लावायचा नरसाळ्यासारखा फ्लँज, त्याला जोडलेला कनेक्टर, कनेक्टरच्या डोक्यावर बसणारा दांडीवाला सिलिकॉनचा डायफ्रॅम, त्या दांडीत अडकणारं हँडल, खाली व्हॉल्व्ह आणि १५० मिलिलिटरची बाटली. हँडल दाबलं की डायफ्रॅम वर ओढला जातो, आत पोकळी तयार होते, व्हॉल्व्ह बंद होते आणि दूध खेचलं जातं. हँडल सोडलं की व्हॉल्व्ह उघडते आणि साचलेलं दूध खाली पडतं.

यातून डोंगरात फार उपयोगी पडणारी एक गोष्ट निघते. पोकळी व्हॉल्व्हच्या वरच्या भागात तयार होते, बाटलीत होत नाही. त्यामुळे बाटली न लावताही पंप पूर्ण ताकदीने चालतो. दूध ठेवायचं नसेल तर बाटली घरी ठेवा, दूध थेट जमिनीवर पडू द्या. बाटली हा पंपातला सगळ्यात जागा खाणारा भाग आहे. ती वगळली आणि हँडल सोडवून ठेवलं तर बाकीचे भाग १२ लिटरच्या व्हेस्टच्या मागच्या कप्प्यात रेनकोटच्या घडीत बसतात. पुढच्या खिशात मात्र फ्लँज मावत नाही. मावला तरी तो बरोबर छातीवर रुततो, तेव्हा तो प्रयत्नच करू नये.

हँडलला दोन टोकं आहेत आणि ती शोभेसाठी नाहीत. आखूड टोक भराभर आणि हलकं दाबायचं, बाळ पहिल्यांदा चुटूचुटू ओढतं तसं. पान्हा फुटला, दूध धारेने यायला लागलं, की लांब टोकाकडे वळायचं आणि संथ, खोल दाब द्यायचे. नव्याने वापरणाऱ्या बऱ्याच जणी पहिल्या सेकंदापासून लांब टोक जोरात दाबत राहतात. स्तनाग्र दुखतं, दूध येत नाही आणि दोष पंपाला जातो.

मापात चूक झाली तर बाकी सगळं फुकट

पंपाबरोबर बहुधा २४ मिलिमीटरचा फ्लँज येतो. तो तुमच्या मापाचा असेलच असं नाही. २१, २४, २७ आणि ३० मिलिमीटर अशी मापं वेगळी मिळतात. स्तनाग्राचा व्यास बुंध्याशी पट्टीने मोजायचा (आजूबाजूचा काळा भाग धरायचा नाही) आणि त्यात साधारण ४ मिलिमीटरपर्यंत मिळवायचे. १७ भरले तर २१ चा फ्लँज. दोन्ही बाजूंचं माप वेगळं निघू शकतं, तेव्हा दोन्ही मोजा.

फ्लँज लहान असला तर स्तनाग्र त्याच्या बोगद्याच्या (आतल्या नळीच्या) भिंतीला घासतं, टोक पांढरं पडतं, कडेला चिरा जातात. मोठा असला तर काळा भागही आत ओढला जातो, सूज येते आणि दूध अर्धवटच निघतं. घरी एकदा-दोनदा वापरताना हे सहन होतं. घामाचं मीठ साचलेल्या, कापडाने आधीच घासलेल्या कातडीवर वीस तासांत पाच-सहा वेळा तोच चुकीचा फ्लँज लावला तर शर्यत तिथेच संपू शकते.

कंपनीच्या फ्लँजचे दोन प्रकार बाजारात दिसतात. जुना गोल आणि ताठ. नवा फ्लेक्स प्रकारातला जरा लांबट गोल, १०५ अंशांत उघडणारा, मऊ कडेचा आणि हवा तसा फिरवता येणारा. डोंगरासाठी नवा उजवा आहे, कारण एड स्टेशनवर (वाटेतल्या खाण्यापिण्याच्या थांब्यावर) सरळ पाठीची खुर्ची मिळेलच असं नाही. दगडावर, बाकाच्या टोकाला, भिंतीला टेकून, जसं बसाल तसा तो फिरवता येतो. जुना लावताना मात्र थोडं पुढे झुकावंच लागतं. मागे रेललं तर दूध फ्लँजमधून पोटावर ओघळतं.

एड स्टेशनवर प्रत्यक्ष वापर

क्रम महत्त्वाचा आहे. थांब्यावर पोचल्याबरोबर आधी अंगावर कोरडं जॅकेट, मग पंप. घामाने भिजलेलं अंग थांबलं की पाच मिनिटांत गार पडतं आणि गारठलेल्या, ताणलेल्या शरीराला पान्हा फुटत नाही. गरम पाणी किंवा सूप मिळालं तर तो पेला दोन्ही हातांनी धरा, मग तेच हात छातीवर ठेवा. बाळाचा छोटा व्हिडिओ फोनमध्ये आधीच डाऊनलोड करून ठेवा, कारण डोंगरात नेटवर्कचा भरवसा नसतो. बाळाचा आवाज ऐकून पान्हा लवकर फुटतो हे अनेक आयांना माहीत आहे, आणि इथे वाचलेली चार मिनिटं थेट कटऑफच्या खात्यात जमा होतात.

नंतर त्वचा पुसायची. घासू नये म्हणून लावलेला बाम, सनस्क्रीन, सांडलेल्या एनर्जी जेलचा चिकटपणा, घामाचं मीठ, यांतलं काहीही फ्लँजच्या कडेखाली राहिलं तर हवा आत शिरते आणि ओढ कमी होते. साध्या पाण्याने ओला केलेला स्वच्छ रुमाल पुरतो.

मग आखूड टोकाने मिनिट-दीड मिनिट, पान्हा फुटला की लांब टोकाने प्रत्येक बाजूला पाच ते सात मिनिटं. छाती मऊ लागली की थांबायचं. शेवटच्या थेंबापर्यंत उपसत बसलं तर शरीराला आणखी दुधाची मागणी आहे असाच निरोप जातो आणि पुढच्या थांब्याला छाती जास्तच भरलेली मिळते. गाठ लागली तरी ती अंगठ्याने जोरजोरात दाबून फोडायला जाऊ नका. जुन्या सल्ल्यात जोरात चोळायला सांगत. ॲकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिनच्या २०२२ च्या मार्गदर्शनाने खोल मसाज आणि गरजेपेक्षा जास्त पंपिंग दोन्ही टाळायला सांगितलं आहे, कारण त्याने आतली सूज वाढते. हलका हात फिरवायचा, थंड शेक द्यायचा.

एका हाताने पंप चालतो, दुसरा मोकळा राहतो. त्या हाताने खायचं. हातपंपाचा हा सगळ्यात मोठा व्यावहारिक फायदा आहे. थांब्यावर बसून खाण्याची १५ मिनिटं बहुतेक जणी घालवतातच, त्यातच पंपिंग होऊन जातं. खाणं इथे टाळता येत नाही. दूध पाजणाऱ्या आईला एरवीही दिवसाला साधारण ३३० ते ४०० कॅलरी जास्त लागतात, आणि शर्यतीत तेवढी तूट नकळत वाढत जाते.

हात मात्र दुखतो, हे स्पष्ट सांगायला हवं. सेकंदाला एक दाब धरला तर दहा मिनिटांत सहाशे दाब होतात, आणि तेही चढावर पोल्स (आधाराच्या काठ्या) घट्ट धरून आधीच आखडलेल्या हाताने. बोटांनी चिमटीत दाबलं तर मनगटाच्या वर पेटके येतात. हँडल तळव्याच्या बुडाशी टेकवून पूर्ण मुठीने दाबा, आणि बाजू बदलताना हातही बदला. खोल दाब दिल्यावर हँडल क्षणभर धरून ठेवलं तर कमी दाबांत तेवढंच दूध निघतं. मनगटाचं जुनं दुखणं असेल, बाळाला उचलून उचलून अंगठ्याच्या बुडाशी कळा येत असतील, तर हा पंप तुमच्यासाठी नाही.

काय बिघडतं आणि का

ओढ कमी झाली की आधी डायफ्रॅम बघा. पिशवीत कोंबताना त्याची कड कनेक्टरवरून एका बाजूने उचकटते. वरून दिसत नाही, बोट फिरवलं की कळतं. काढून, कोरडा करून, चारही बाजूंनी दाबून बसवा. दुसरा संशय व्हॉल्व्हवर. जुन्या बनावटीत पिवळी कडक व्हॉल्व्ह आणि तिच्यावर पातळ पांढरा पडदा असे दोन तुकडे असतात. तो पडदा नखाएवढा आहे, दूध सुकून चिकटला की वाकडा बसतो, बारीक चीर गेली तर ओढच उरत नाही, आणि धुताना हातातून निसटला तर गवतात सापडत नाही. लांब शर्यतीत बोटं सुजतात, तेव्हा तर हमखास निसटतो. दोन जास्तीचे पडदे वेगळ्या छोट्या झिपलॉकमध्ये ठेवावेत, त्यांचं वजन जाणवतही नाही. तिसरं कारण केस. बोगद्याच्या कडेला एक केस अडकला तरी हवा आत येते.

हँडलची दांडीत अडकणारी जागा हा या पंपाचा खरा कच्चा दुवा आहे. हँडल जोडलेलं ठेवून पंप व्हेस्टमध्ये कोंबला आणि वरून पोल्स बांधले तर तिथे ताण येतो. म्हणून प्रवासात हँडल नेहमी सुटं. दांडीला तिरपं ओढून काढू नका, सरळ रेषेत सोडवा.

थंडीतली अडचण वेगळी. उंचीवर रात्री फ्लँज बर्फासारखा गार होतो. तो एकदम छातीला लावला तर काहींच्या स्तनाग्रातल्या रक्तवाहिन्या आवळतात, टोक पांढरंफटक पडतं आणि सुई टोचल्यासारखी जळजळ होते. ज्यांची थंडीत बोटंही पांढरी पडतात त्यांना हा त्रास जास्त. थांबा जवळ आला की शेवटची दहा मिनिटं फ्लँज पिशवीसकट जॅकेटच्या आत, पोटाशी धरून चाला. पंप काढल्यावर लगेच झाकून घ्या, उघड्या वाऱ्यात वाळवत बसू नका.

स्वच्छतेत हार्मनी बरा आहे, उत्तम नाही. कनेक्टरच्या आतल्या वळणात दूध राहतं आणि ते डोंगरात नीट निघत नाही. थांब्यावर प्यायच्या पाण्याने खळबळून, झटकून, स्वच्छ पिशवीत ठेवणं एवढंच शक्य असतं. ओढ्याच्या पाण्यात धुवू नका, ते कितीही नितळ दिसलं तरी. त्यावरचा खरा उपाय म्हणजे उकळून वाळवलेला दुसरा फ्लँज-कनेक्टरचा जोड ड्रॉप बॅगमध्ये (आयोजक वाटेतल्या थांब्यावर पोचवतात त्या पिशवीत) ठेवणं आणि अर्ध्या वाटेवर बदलणं. हँडल तेच चालतं. घरी आल्यावर सगळे भाग सुटे करून आधी साध्या पाण्याने दूध धुऊन काढा, मग वेगळ्या भांड्यात साबणाने धुवा, पाच मिनिटं उकळा आणि उघड्यावर वाळू द्या.

काढलेल्या दुधाचं काय करायचं

टाकून देताना जीव तुटतो, हे खरं आहे. तरीही डोंगरात बहुतेक वेळा तेच योग्य असतं. ताजं दूध २५ अंशांपर्यंतच्या हवेत सुमारे चार तास टिकतं. व्हेस्टमध्ये, तापलेल्या पाठीला चिकटून, हलत-हिंदकळत चार तास नेलेलं दूध त्या हिशेबात बसत नाही. थांब्यावर घरचं माणूस बर्फाच्या पॅकसह कूलर घेऊन उभं असेल तर मात्र खुशाल ठेवा, थंड पॅकमध्ये ते २४ तास राहतं. मग बाटली ड्रॉप बॅगेत हवी आणि त्या थांब्यावरचा पंपही नुकताच स्वच्छ केलेला हवा.

कठीण व्यायामानंतर दुधात लॅक्टिक ॲसिड थोडं वाढतं हे खरं आहे, पण त्याने बाळाला अपाय होतो असं आढळलेलं नाही. त्या भीतीने दूध फेकायची गरज नाही. लक्ष द्यायचं ते कॅफिनकडे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये स्तनदा आईसाठी दिवसाला २०० मिलिग्रॅमपर्यंतचं कॅफिन बाळाच्या दृष्टीने सुरक्षित मानलं. रात्रभरात तीन-चार कॅफिनवाली जेल आणि थांब्यावरची कॉफी मिळून ही मर्यादा सहज ओलांडली जाते. लहान बाळाच्या शरीरातून कॅफिन फार हळू निघतं. एवढं कॅफिन घ्यायचंच असेल तर त्या रात्रीचं दूध टाका, आणि बाळासाठी आधी काढून ठेवलेलं दूध वापरा.

व्हेस्ट आणि ब्राशी जमतं का

पंप कितीही चांगला असला तरी व्हेस्ट चुकीचं असेल तर गाठी येणारच. पुढे दोन ५०० मिलिलिटरच्या भरलेल्या फ्लास्क म्हणजे छातीवर एक किलो वजन, आणि ते नेमकं दाटलेल्या भागावर टेकतं. अंगावर पाजणाऱ्या आईने पाणी पाठीवरच्या ब्लॅडरमध्ये (नळीवाल्या पाण्याच्या पिशवीत) किंवा बरगडीच्या बाजूच्या खिशात घ्यावं. छातीवरचे आडवे पट्टे वरखाली सरकणारे हवेत: एक गळ्याच्या हाडाजवळ, दुसरा छातीच्या पूर्ण खाली, मध्ये काही नाही. पंप केल्यावर छातीचा घेर कमी होतो आणि तीन तासांत पुन्हा वाढतो, म्हणून प्रत्येक थांब्यानंतर पट्टे नव्याने लावा. दर तासाला एकदा सैल करून बघा.

ब्रा पुढून उघडणारी घ्या. डोक्यावरून काढायची घट्ट रेसरबॅक ब्रा घामाने चिकटते आणि ती वर सरकवून पंप लावला तर तिची गुंडाळी छातीच्या वरच्या भागावर दाबून बसते, म्हणजे एकीकडून काढायचं आणि दुसरीकडून अडवायचं.

इतर पर्याय

हाका वगैरे कंपन्यांचे सिलिकॉनचे एकसंध पंप हार्मनीपेक्षा हलके, धुवायला सोपे आणि त्यांत हरवण्यासारखं काहीच नाही. दाबून लावायचे, ते एकसारखी ओढ देत राहतात. पान्हा लवकर फुटणाऱ्या आयांना तेवढं पुरतंही. पण पान्हा ओढून आणायची ताकद त्यांत कमी. थकलेल्या, गारठलेल्या अवस्थेत तीच लागते. दुसरा पंप म्हणून ड्रॉप बॅगमध्ये ठेवायला उत्तम.

ब्रामध्ये बसणारे विजेचे पंप कागदावर आकर्षक वाटतात: चालता चालता काम. वळणावळणाच्या चढावर, पुढे वाकून, वरून व्हेस्ट आवळलेलं असताना ते जागेवरून सरकतात, सील सुटते आणि दूध गळतं. उतारावर तर विचारही करू नये. थंडीत लिथियम बॅटरी लवकर उतरते, आणि पॉवर बँकेवर हेडलॅम्प, घड्याळ, फोन यांचा आधीच हक्क असतो. रुंद, सपाट रस्त्यावर चालतानाचा भाग असेल तर गोष्ट वेगळी.

आणि हाताने दूध काढणं प्रत्येकीला यायलाच हवं, पंप कुठलाही असो. अंगठा आणि तर्जनी इंग्रजी सी अक्षरासारखी, स्तनाग्रापासून दोन-तीन सेंटिमीटर मागे, आधी छातीकडे दाबायची, मग एकमेकांकडे आणायची, कातडीवरून घसरू द्यायची नाहीत. सोडायचं, जागा बदलायची, पुन्हा. पडदा हरवला, हँडल तुटलं, पुढचा थांबा अजून १२ किलोमीटर लांब आहे, अशा वेळी हाच एक उपाय हाताशी असतो.

वेळेचं गणित आणि आयोजकांशी बोलणं

वीस तासांची १०० किलोमीटरची शर्यत, दर तीन तासांनी एक थांबा, प्रत्येकी १५ मिनिटं: सहा थांबे, दीड तास. हा दीड तास कटऑफच्या हिशेबात आधीच धरा. सुरुवातीच्या रेषेवर जाण्यापूर्वी १५ मिनिटं पाजून किंवा पंप करून घ्या, म्हणजे पहिला थांबा पुढे ढकलता येतो. सराव सगळ्या सामानासह करा: चार-पाच तासांची धाव, मधे भर वाऱ्यात बसून पंप, पुन्हा व्हेस्ट चढवून उतार. घरच्या सोफ्यावरचा सराव या कामाला पुरत नाही.

बाळालाच थांब्यावर आणता आलं तर पंपाहून चांगलं. पण त्यासाठी नियम वाचा. मे २०२५ मध्ये धावपटू स्टेफनी केसने वेल्समधली अल्ट्रा-ट्रेल स्नोडोनियाची १०० किलोमीटरची शर्यत महिलांमध्ये जिंकली, जवळपास १७ तासांत, सहा महिन्यांच्या मुलीला वाटेत तीनदा पाजून. बाहेरच्या मदतीला फक्त ५० किलोमीटरच्या थांब्यावर परवानगी होती, म्हणून २० आणि ८० किलोमीटरला पाजण्यासाठी तिने आयोजकांकडून आधीच मंजुरी घेतली होती. अशी परवानगी लेखी घ्या. ऐनवेळी स्वयंसेवकाशी वाद घालत बसायची वेळ येऊ नये, आणि परवानगी नसलेल्या जागी नवऱ्याने बाळाबरोबर तुम्हाला पाण्याची बाटली दिली तर ती बाहेरची मदत ठरू शकते. पंपासाठी आडोसा कुठे आहे, गरम पाणी कुठल्या थांब्यावर मिळेल, हेही त्याच ईमेलमध्ये विचारा. सोफी पॉवरने २०२२ मध्ये सुरू केलेली शीरेसेस ही संस्था आयोजकांना अशाच सोयींसाठी आणि गरोदरपणात प्रवेश पुढे ढकलण्याच्या नियमांसाठी आग्रह धरते. तिची स्वतःची आधीची एक यूटीएमबीची जागा गरोदरपणामुळे गेली होती, तेव्हा दुखापत झाली तर जागा पुढे नेता येत होती, गरोदरपणात नाही.

पंप घेण्याआधी

पंपाने छातीचा प्रश्न सुटतो, ओटीपोटाचा नाही. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टांनी बाळंतपणानंतर धावण्याबद्दल जी मार्गदर्शक सूत्रं लिहिली, त्यांत धावायला सुरुवात लवकरात लवकर तीन ते सहा महिन्यांनी करावी असं आहे. त्याआधी ३० मिनिटं चालणं, एका पायावर १० सेकंद उभं राहणं, प्रत्येक पायावर १० बैठका, जागेवर मिनिटभर जॉगिंग, एका पायावर १० उड्या, हे सगळं वेदना, गळती किंवा खाली ओढ न जाणवता जमलं पाहिजे. हे जमत नसेल तर शर्यतीचा अर्ज भरण्याआधी पेल्विक फ्लोअरच्या (ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या) फिजिओकडे जा.

शर्यतीत छातीवर लाल गरम पट्टा दिसला आणि थंडी वाजून ताप आला तर तो नुसता थकवा समजू नका. वैद्यकीय तंबूत जा, धावणं थांबवा. स्तनदाहाच्या दुखण्यावर आयबुप्रोफेन एरवी चालतं आणि पाजतानाही चालतं, पण पाणी कमी पडलेल्या शरीराने तासन्‌तास धावत असताना ते मूत्रपिंडाला घातक ठरू शकतं. शर्यतीच्या मधे घेऊ नका. नंतर, नीट पाणी पिऊन लघवी साफ झाल्यावर, डॉक्टरांना विचारून घ्या.

विकत घेताना पंपाबरोबरच योग्य मापाचे दोन फ्लँज, एक जास्तीचा कनेक्टर, एक डायफ्रॅम आणि व्हॉल्व्हचे पडदे एकदमच मागवा. सुटे भाग स्थानिक दुकानात क्वचित मिळतात आणि मागवल्यावर यायला वेळ लागतो, म्हणून शर्यतीच्या सहा आठवडे आधी ते हातात हवेत. डायफ्रॅम आणि पडदे रोजच्या वापराने सैल पडतात. घरी वापरत असलेलेच शर्यतीत नेऊ नका, नवे बसवा, एका लांब सरावात वापरून बघा आणि मगच पिशवीत भरा.